मंगळवारची रात्र, कंट्री बार आणि मी धरून सहा गिऱ्हाइकं

चहाबाज

मंडळी, एक बावळट प्रश्न आहे.

ऑफिसच्या कामासाठी दहा दिवसांपासून टेक्सासात, फोर्ट वर्थच्या जवळ येऊन पडलोय. अजून दोन आठवडे आहेत. सोबत कोणी नाही. हॉटेलातून चालत जाण्यासारखी ठिकाणं दोनच, एक पेट्रोल पंप आणि एक गाद्यांचं दुकान. काल मंगळवारी संध्याकाळी अगदीच भिंती अंगावर यायला लागल्या, तेव्हा गाडी काढली आणि पंधरा मिनिटांवरच्या एका कंट्री बारमध्ये (म्हणजे जिथे कंट्री म्युझिक वाजवतात) गेलो. बाहेर निऑनचा बूट लुकलुकत होता, एवढीच माहिती पुरेशी वाटली.

आत लाकडी फरशी, मध्ये नाचायला मोकळी जागा, भिंतीवर घोड्यांचे नाल, जुन्या गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि शिंगं. स्टेजवर पाच वादक. आणि ऐकणारे? काउंटरवर दोघं, फोनवर बेसबॉल बघणारा एक काका, एक म्हातारं जोडपं आणि मी. म्हणजे सहा. पैकी जोडपं नाचत होतं, काका मॅच बघत होता आणि काउंटरवरचे दोघं बारवालीशी बोलत होते. थोडक्यात, पाच जणांचा वाद्यवृंद फक्त माझ्यासाठी वाजवत होता.

मुंजीत बटूकडे सगळे बघतात तसं वाटायला लागलं हो. गाणं संपलं की टाळ्या वाजवायच्या, तर आवाज माझा एकट्याचा. नाही वाजवाव्यात, तर गाणारा बघतोय. मध्यंतरात तो खाली उतरून थेट माझ्या टेबलाशी आला, ‘कुठून आलात’ वगैरे विचारलं. मी ‘पुणे, इंडिया’ म्हणालो, तो ‘वेलकम’ म्हणाला, आणि पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. एक बीअर दीड तास पुरवली आणि दुसरा सेट सुरू व्हायच्या आत चोरासारखा सटकलो. स्टेजपुढच्या बक्षिशीच्या बरणीत काहीच टाकलं नाही. आता ते मनाला लागून राहिलंय.

तर, पुढच्या मंगळवारी परत जावं, की शनिवारी गर्दीत बिनधास्त जाऊन बसावं? बरणीत किती टाकतात? आणि तिथे खायचं काय? (चिकन-मासे चालतात, बीफ नाही.)

खवचट_कोंबडा

शीर्षक वाचून वाटलं, सरकारमान्य देशी दारूच्या दुकानावर शेवटी एकदाचा धागा आला. उघडून बघतो तर टेक्सास. घोर निराशा.

खानदेशी_पाव्हणा

कोंबडेभाऊ, मी पण तेच समजलो! आमच्याकडं कंट्री म्हटलं की एकच. हिरव्या-निळ्या पाटीचं दुकान, जाळीमागं मालक, लोखंडी बाकडं, बाहेर उकडलेली अंडी आन फुटाण्याची गाडी. मंगळवारी तिथंबी शांतताच असते भो. गर्दी बाजाराच्या दिवशी आन मजुरी वाटायच्या दिवशी. फरक इतकाच की आमच्याकडं गाणारे गिऱ्हाइकातूनच निघतात, आन त्यांना थांबवायला पैसे द्यावे लागतात.

चहाबाज

हाहाहा. पाव्हणं, इथे जाळी नव्हती. पण ओळखपत्र मागितलं. चाळिशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला एकविसाचा आहेस का विचारतात म्हणजे कृतकृत्यच वाटलं.

म्युझिक_सिटीकर

नॅशविलमध्ये, म्हणजे कंट्री म्युझिकच्या माहेरी, अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी पैशाचं. आमच्या लोअर ब्रॉडवेवर रांगेने हाँकी-टाँक आहेत (कंट्री वाजवणाऱ्या बारचं हेच खरं नाव). बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट. सकाळी दहा-अकरापासून मध्यरात्र उलटेपर्यंत पाळ्या चालतात, एक बँड उतरला की दुसरा चढतो. बारकडून मिळणारी बिदागी किरकोळ, खरी कमाई बरणीतली. त्यामुळे तू बरणी टाळून निघालास हे खरंच वाईट केलंस. एकट्याने बसून तासभर ऐकलंस तर पाच-दहा डॉलर टाकावेत. फर्माईश करायची तर वीस. बारवालीला दर बीअरमागे एक डॉलर, ते वेगळं.

आता ‘मंगळवार की शनिवार’. शनिवारी ब्रॉडवेवर अर्धी गर्दी लग्नाआधीची पार्टी करायला आलेल्या मुलींची असते, गुलाबी टोप्या घालून आरडाओरडा चालतो. बँड तीच ठरलेली वीस-पंचवीस गाणी दळतो. त्याच रस्त्यावर आठवड्याच्या मधल्या दिवशी रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्डमध्ये जा. हे मुळात बुटांचं दुकान होतं, भिंतीवर अजून बूट मांडलेले आहेत. तिथे जुनं, साठ वर्षांपूर्वीचं कंट्री ऐकायला मिळतं. टूट्सीज या जांभळ्या रंगाच्या बारमागे एक बोळ आहे, पलीकडे रायमन सभागृह. ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओ कार्यक्रम १९४३ ते १९७४ तिथे व्हायचा. कलाकार दोन गाण्यांच्या मध्ये मागच्या दाराने बोळ ओलांडून टूट्सीजमध्ये घोटभर मारून परत जायचे. आपल्याकडे नाटकाच्या मध्यंतरात नटमंडळी विंगेमागे चहा मारायची, त्यातलाच प्रकार.

ड्राय_डे

मंगळवारी तिकडे ड्राय डे नसतो का? संकष्टी वगैरे?

म्युझिक_सिटीकर

दिवस नाही, पण अख्खी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) कोरडी असू शकते. जॅक डॅनियल्सची व्हिस्की लिंचबर्ग गावात बनते, आणि ते ज्या मूर काउंटीत आहे ती ड्राय काउंटी. कारखाना गावात आणि गावात बार नाही.

खवचट_कोंबडा

म्हणजे हलवाई मधुमेही.

कुंदाकाकू

दारूचं इतकं कौतुक चाललंय म्हणून विचारते. चहाबाज, परत जाताना गाडी कोणी चालवली?

चहाबाज

काकू, मीच. एक बीअर, दीड तास आणि वर दोन ग्लास पाणी. पण तुमचं बरोबर आहे. पुढच्या वेळी टॅक्सी.

मोरपंखी

ह्यूस्टनमध्ये राहते. मी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण वर्षभर दर बुधवारी एका कंट्री डान्स हॉलमध्ये जायचो, तेही केवळ तिथे तेव्हा फुकट शिकवत म्हणून. त्यामुळे माझं मत ठाम आहे, शिकायचं असेल तर मधला वारच. शनिवारी फरशीवर इतकी माणसं असतात की चुकलात तर मागची पाच जोडपी तुमच्यावर आदळतात.

बायकांसाठी एक सांगते, कारण मला आधी फार धास्ती होती. टोपीवाला कोणीतरी येतो, ‘मॅम, नाचाल का’ विचारतो. नको म्हटलं तर टोपीला हात लावून निघून जातो, गळ्यात पडत नाही. हो म्हटलं तर एक गाणं नाचतो, तुम्हाला परत टेबलापाशी आणून सोडतो, ‘थँक्यू मॅम’, विषय संपला. मी पुण्यातल्या डिस्कोत याच्या निम्मी सुद्धा अदब बघितलेली नाही. सगळेच साधू असतात असं नाही म्हणत, पण रीत अशी आहे आणि ती मोडली की आजूबाजूचेच लोक डोळे वटारतात.

आणि चहाबाज, कोणाच्या टोपीला हात लावू नका. गंमत म्हणूनही नाही.

तर्कट

मला या सगळ्याचं नवल वाटतं. ट्रक, कुत्रा, सोडून गेलेली बायको आणि देशप्रेम एवढ्यात ज्यांचं संगीत संपतं, अशा गोऱ्या लोकांच्या अड्ड्यात आपण सावळ्या माणसाने रात्री एकट्याने जायचंच कशाला? सहा जण होते आणि सगळे आपल्याकडे बघत होते म्हणतोस. कौतुकाने बघत होते कशावरून?

म्युझिक_सिटीकर

तर्कटराव, शंका निराधार आहे असं म्हणणार नाही. काही गावांत मीही गाडीतून उतरलेलो नाही. पण ‘गोऱ्यांचं संगीत’ हे मात्र खोडून काढतो. ज्या बँजोशिवाय या संगीताचं चित्र पुरं होत नाही, ते वाद्य गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांकडून आलं. ऑप्रीच्या सुरुवातीच्या वर्षांतला लाडका कलाकार डीफोर्ड बेली, माउथ ऑर्गन वाजवणारा, काळा होता. चार्ली प्राईड मिसिसिपीतल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला, आधी बेसबॉल खेळायचा. कंट्री म्युझिक असोसिएशनने १९७१ मध्ये वर्षाचा सर्वोत्तम कलाकार म्हणून त्यालाच निवडलं. सुरुवातीला त्याच्या तबकड्या रेडिओवाल्यांकडे फोटो न लावता पाठवल्या जात. म्हणजे तुझी शंकाही खरी आणि माझं उत्तरही खरं.

तर्कट

फोटो न लावता! यातच सगळं आलं. तरी मुद्दा मान्य. कुत्र्यावर मात्र मी ठाम आहे.

पोटोबा

खाण्याचा प्रश्न सगळे विसरले म्हणून धावत आलो.

चहाबाज, नीट ऐक. मेन्यूवर ‘चिकन फ्राईड स्टेक’ दिसेल. त्यात चिकन नसतं!!! ते बीफ असतं. चिकन जसं पीठ लावून तळतात तसं तळलेलं, म्हणून ते नाव. आमच्या ग्रूपमधल्या एका सोवळ्या मित्राने डॅलसमध्ये मिटक्या मारत अर्धी प्लेट संपवली, आणि मग बारवालीला कौतुकाने विचारलं की चिकन इतकं मऊ कसं केलंत. तिने सांगितलं. पुढचं वर्णन करत नाही. तुला हवं ते ‘चिकन फ्राईड चिकन’. हसू नकोस, खरंच असं नाव असतं.

त्यावर पांढरी ग्रेव्ही येते, मैदा, दूध आणि तव्यातली चरबी. चरबी कशाची ते विचारून घे. घेवड्याच्या उसळीतही बहुतेकदा डुकराचा तुकडा सोडलेला असतो. बिनधोक गोष्ट एकच, फ्राईड पिकल्स, म्हणजे आंबवलेल्या काकडीच्या चकत्यांची भजी. बीअरबरोबर झकास लागतात. पण तेलाबद्दल फार चौकशी करू नये.

खानदेशी_पाव्हणा

लोनच्याची भजी?! हे आमच्या आज्जीला सांगू नका.

ऑस्टिनवाली

मोरपंखीला +१. ऑस्टिनला यायला जमलं तर ब्रोकन स्पोक बघाच. जेम्स व्हाईट नावाच्या माणसाने १९६४ मध्ये उघडलं, छत इतकं बुटकं की उंच माणसाची टोपी लागेल. आजूबाजूला आता टोलेजंग अपार्टमेंट उठलीत आणि मध्ये हे लाल कौलारू वाड्यासारखं बसून आहे. सॅन अँटोनिओकडे जाताना ग्रीन हॉल लागतो (स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार ‘ग्रीन’च). तो १८७८ चा. एसी नाही, बाजूच्या झडपा उघडून टाकतात.

उलट फोर्ट वर्थचा बिली बॉब्ज १९८१ मध्ये सुरू झाला, गुरांच्या जुन्या गोठ्यात. इतका अवाढव्य की आत खऱ्या बैलांवर बसायची स्पर्धा होते, तीही शुक्रवार-शनिवारी. तुमच्या जवळच आहे, एकदा बघून या. पण ती जत्रा आहे. तुम्ही गेलात ते वेगळं.

सारंगीवाला

चहाबाज, त्या पाच जणांत एक जण बसून, मांडीपुढे टेबलासारखं काहीतरी ठेवून वाजवत होता का? डाव्या हातात लोखंडी दांडी?

चहाबाज

होता! टक्कल, जाड चष्मा, एकदाही हसला नाही. तोच सगळ्यात भारी वाजवत होता. सूर असा ओघळायचा की पोटात कालवायचं. काय वाद्य आहे ते?

सारंगीवाला

पेडल स्टील गिटार. आता धागा थोडा पळवून नेतो, माफ करा.

मूळ हवाई बेटांवरचं. तिथल्या लोकांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंड घासायला सुरुवात केली. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हवाईयन वादकांनी लोकांना वेड लावलं, आणि ती लाट कंट्रीवाल्यांपर्यंत पोचली. पुढे त्यांनी पायाखाली पेडल आणि गुडघ्यापाशी खटके बसवले, की दाबलं की वाजत असलेल्या तारेचाच सूर बदलतो. दोन्ही हात, दोन्ही पाय आणि गुडघे, सगळं एका वेळी कामाला. हसायला फुरसत कुठली त्याला!

गंमत म्हणजे तीच लाट आपल्याकडेही आली. जुन्या हिंदी गाण्यांत ती घरंगळणारी गिटार ऐकू येते ना, तीच. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या तबकड्या आमच्या घरी होत्या. गणपतीत मंडळाच्या कर्ण्यावर दिवसभर हेच लागायचं, शब्दांविना सिनेमाची गाणी. आणि ब्रिजभूषण काब्रांनी तर त्याच आडव्या गिटारवर राग वाजवले. त्यामुळे तुझ्या पोटात कालवलं यात परकं काही नाही. ती मींड आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. आपला कान मींडेवर पोसलाय.

नाना_पेटीवाले

सारंगीवाल्यांना जोडून. यॉडलिंगही (गाताना आवाज झटकन वर-खाली फोडायचा, किशोरकुमार करायचा ते) आपल्याकडे कंट्रीतूनच आलं म्हणतात. जिमी रॉजर्स नावाचा रेल्वेत ब्रेकमनचं काम करणारा गडी १९२७ पासून तबकड्या भरू लागला, क्षयाने १९३३ मध्ये गेला, उणीपुरी ३५ वर्षं जगला. किशोरकुमारने त्याच्या आणि न्यूझीलंडच्या टेक्स मॉर्टन या गायकाच्या तबकड्या ऐकून यॉडलिंग उचललं असं सांगतात.

मला विचारायचं होतं ते असं. पाच माणसं रोज वेगळ्या गायकाबरोबर तालमीशिवाय वाजवतात कशी?

म्युझिक_सिटीकर

नाना, हा तुमच्याच हद्दीतला विषय. आमच्याकडे नॅशविल नंबर सिस्टीम चालते. स्वरसंघाला (कॉर्डला) नाव नाही, आकडा. पट्टीतला पहिला तो १, चौथा तो ४, पाचवा तो ५. गाण्याचा आराखडा म्हणजे नुसते आकडे. गायकाचा घसा बसलाय, आज खालच्या पट्टीत गाणार? आकडे तेच राहतात, फक्त १ कुठे ते बदलतं. स्टेजवर पुढारी पाठीमागे हात नेऊन बोटं दाखवतो, चार बोटं म्हणजे ४ वर चला. पुढच्या वेळी गायकाच्या पाठीकडे बघा.

नाना_पेटीवाले

अहो मग हे सरगमच की! आम्हाला गायकाने ‘पांढरी चार’ (पेटीची चौथी पांढरी पट्टी) सांगितलं की सा तिथे. एवढ्यासाठी नॅशविलला जायला नको.

लावणीप्रेमी

बरणीवरून आठवलं. आपल्याकडची दौलतजादा हीच की. संगीतबारीत फर्माईश करायची तर पैसे पुढे करायचे, देणाऱ्याचं नाव पुकारलं जायचं आणि मग लावणी. रिकाम्या बैठकीत कसं वाटतं ते मीही अनुभवलंय. बरीच वर्षं झाली, पावसाळ्यात आडवारी एका थिएटरात गेलो. आम्ही मित्र तिघं. पेटी, तबला, ढोलकी, चार बायका. आधी वाटलं उठून जावं. मग त्यातल्या वयस्क बाईंनी विचारलं, ‘नाचाची हवी की बसून?’ आम्ही बसून म्हणालो. त्या रात्री ज्या बैठकीच्या लावण्या ऐकल्या, त्या गर्दीत कोणी मागतच नाही. अदा करताना त्या नजर उचलून बघायच्या तेव्हा आम्ही तिघंही खाली बघायचो. चहाबाज, तुझं ते मुंजीतल्या बटूसारखं वाटणं मला तंतोतंत कळलं.

खवचट_कोंबडा

देशी दारू, मग टेक्सास, मग हवाई, मग संगीतबारी. धाग्याला आता तिकीट लावा.

कुंदाकाकू

कोंबडे, गप. लावणीप्रेमी, याच्यावर वेगळं लिहा ना.

चहाबाज

अपडेट! काल परत मंगळवार होता. परत गेलो. (काकू, टॅक्सीने.)

यावेळी आठ जण. बेसबॉलवाला काका होताच. आत शिरल्या शिरल्या बरणीत वीस टाकले, मागचे दहा आणि आजचे दहा. गायकाने माईकवरून ‘पुने’ म्हणून हाक मारली. नाव नाही, गाव लक्षात होतं. टाळ्या एकट्याने वाजवल्या. दोन गाण्यांनंतर लाज संपते, हे सांगून ठेवतो.

मग ते नाचणारं जोडपं. आजींनी येऊन सरळ हातच धरला. आजोबांचा गुडघा दुखतोय, उठ म्हणाल्या. टू-स्टेप म्हणजे क्विक, क्विक, स्लो, स्लो. दोन पावलं झपझप, दोन सावकाश. पाचवी ते आठवी शाळेच्या लेझीम पथकात होतो, त्यामुळे मोजणं लगेच बसलं. फक्त एक घोटाळा झाला. फरशीवर सगळ्यांनी एकाच दिशेने गोल फिरायचं असतं, घड्याळाच्या उलट. माझे पाय आपोआप प्रदक्षिणेला निघाले. आजी इकडे खेचतायत, मी तिकडे, आणि समोरून दुसरं जोडपं. आम्ही थेट बेसबॉलवाल्या काकाच्या टेबलावर. बीअर सांडली. नवीन आणून दिली. तो पहिल्यांदाच बोलला, म्हणाला, स्कोअर तसाही वाईटच होता.

मध्यंतरात स्टीलवाल्याकडे गेलो. सारंगीवाले, तुम्ही सांगितलेलं सगळं त्याच्यापुढे ओतलं, हवाई, १९१५, काब्रा. फोनवर काब्रांचं थोडं ऐकवलं. चष्मा कपाळावर ढकलून त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि परत लाव म्हणाला. मग गुडघ्याचे खटके दाखवले. मी विचारलं, रिकाम्या खोलीत वाजवायचा कंटाळा नाही येत? म्हणाला, शनिवारी लोकांना हवं ते वाजवतो, मंगळवारी आम्हाला येतं ते. त्याने काब्रांचं नाव विचारलं, मी पेपर नॅपकिनवर लिहून दिलं.

दुसऱ्या सेटला त्याने एक तुकडा वाजवला, शब्द नाहीत, फार तर तीन मिनिटं. काब्रांचं नव्हतंच ते, पण कुठेतरी ऐकून ठेवल्यासारखं होतं. गायक नुसता उभा राहून ऐकत होता.

सारंगीवाला

चहाबाज. काय बोलू. रेकॉर्ड केलंस?

चहाबाज

नाही. फोन खिशात होता आणि काढावासा वाटला नाही. आता शिव्या घाला.

सारंगीवाला

घातल्या.

मोरपंखी

प्रदक्षिणेवर दहा मिनिटं हसतेय. मी पहिल्यांदा गरब्यासारखी टाळी वाजवून वळले होते, जोडीदार बिचारा पुढे एकटाच निघून गेला.

तर्कट

मग शनिवारी जाणार का नाही? मूळ प्रश्न तोच होता.

चहाबाज

शनिवारी बिली बॉब्जला जाऊन बैल बघून येतो. पुढच्या मंगळवारी शेवटचा. आजोबांचा गुडघा तोवर बरा होऊ नये अशी इच्छा करणं पाप आहे का?

खानदेशी_पाव्हणा

ते सगळं जाऊ द्या भो. चकणा फुकट असतो का तिथं?

चहाबाज

नाही पाव्हणं. लोणच्याची भजी सात डॉलर.

खानदेशी_पाव्हणा

मग आमचीच कंट्री बरी.